गदेची नोंद आणि गदा

विश्रामबाग, सांगली

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि खेळाचा आराखडा दोनदा वाचला. कुस्तीच्या खेळातला प्रत्येक मल्ल आणि त्याने जिंकलेली गदा ब्लॉकचेनवर नोंदवली की ती खेळाडूच्या कायमच्या मालकीची होईल, असे तू लिहितोस. त्यातल्या ‘कायमच्या’ या शब्दापाशी मी थांबलो.

हरिपूरची हळदीची पेवे तुला ठाऊक आहेत. जमिनीखालच्या त्या खोल खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे; पण २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले, तेव्हा कोणाच्या नावावर किती पोती आहेत या हिशेबाला अर्थ उरला नाही. ब्लॉकचेन ही हिशेबाची वही आहे, आणि वही म्हणून ती उत्तम आहे, कारण ती अनेक संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते आणि मागचे पान कोणालाही गुपचूप खोडता येत नाही. खेळाचे नियम, चित्रे आणि आखाडा मात्र बहुतेक वेळा कंपनीच्याच सर्व्हरवर असतात. ‘एफवन डेल्टा टाइम’ या शर्यतीच्या खेळातली, ब्लॉकचेनवर नोंदवलेली एक मोटार २०१९ मध्ये एक लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. मार्च २०२२ मध्ये परवाना संपल्यामुळे खेळच बंद झाला. कंपनीने बदली वस्तू देऊ केल्या हे खरे, पण ती मोटार पळवायला रस्ता राहिला नाही.

खेळून कमाई करून देण्याचा विचार तर सोडूनच दे. २०२१ मध्ये फिलिपिन्समधली अनेक माणसे ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ या डिजिटल प्राण्यांच्या झुंजीच्या खेळावर घरखर्च भागवत होती. जिंकल्यावर मिळणारे टोकन, म्हणजे खेळातले डिजिटल नाणे, नवे प्राणी तयार करायला लागत आणि ते प्राणी नवे येणारे खेळाडू विकत घेत. नव्यांचा ओघ आटल्यावर टोकन साचले आणि भाव कोसळला. पुढे मार्च २०२२ मध्ये त्याच खेळाच्या ‘रोनिन’ या ब्लॉकचेन जाळ्यातून ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीला गेली आणि सहा दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. व्यवहार मंजूर करणाऱ्या ९ डिजिटल किल्ल्यांपैकी ५ पुरेशा होत्या आणि ४ एकाच कंपनीच्या हाती होत्या. म्हणून आराखड्यात ‘विकेंद्रित’ असे लिहिण्यापूर्वी किल्ल्या कोणाकडे राहणार ते मोजून पाहा.

तुझी गदेची कल्पना मला मनापासून आवडली आहे. ती विकता न येणारी कर, म्हणजे कोणी, कधी आणि कोणाला चीत करून जिंकली एवढीच पक्की नोंद राहील आणि भावाचा प्रश्न उरणार नाही. खेळ बंद करण्याची वेळ आली तर सर्व्हरचा कोड खेळाडूंना खुला करू, हे वचनही पहिल्या दिवसापासून अटींमध्ये लिही. तुझ्या ‘कायमच्या’ शब्दाला खरा आधार मिळेल तो त्यातूनच.

रविवारी येशील तेव्हा एकच कुस्ती लावता येईल एवढा खेळ आण. वॉलेट, म्हणजे टोकन ठेवायचे डिजिटल पाकीट, न जोडता तो मला खेळायचा आहे, आणि पहिली कुस्ती हरल्यावर दुसरी लावावीशी वाटते का, ते पाहायचे आहे.

तुझा शुभचिंतक