घरी सगळं येतं, समोर उभं राहिलं की काहीच आठवत नाही

सेमिनार जवळ आले की माझ्याकडे हे वाक्य घेऊन कोणी ना कोणी येतंच. "मॅडम, घरी सगळं येतं हो, पण समोर उभं राहिलं की डोकं एकदम कोरं होतं." या वर्षी एमकॉमची एक मुलगी आली होती (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही). घर सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला, घरात तेलुगू, बाहेर मराठी, वडील यंत्रमागावर. विषय होता सोलापुरी चादर आणि जीआय (भौगोलिक) मानांकन, म्हणजे वस्तू ठरावीक भागातलीच असल्याची अधिकृत ओळख. पहिल्या सेमिनारला चौथ्या स्लाईडवर अडकली, अर्धा मिनिट तशीच उभी, मग सॉरी म्हणून खाली बसली आणि तेव्हापासून कॉलेजला जायचंच टाळत होती.

मी म्हटलं फाईल दाखव. दहा मिनिटांसाठी बावीस स्लाईड, प्रत्येकीवर नेटवरून उचललेला परिच्छेद, आणि हे सगळं तिने अक्षरशः पाठ केलेलं. म्हणजे चूक धीटपणाची नव्हतीच. पाठ केलेल्या मजकुरात एक वाक्य हुकलं की पुढचं सापडत नाही, कारण पुढचं वाक्य मागच्याला धरूनच आठवायचं असतं. त्यात छाती धडधडायला लागली, अॅड्रेनलिन वाढलं, की डोकं आपल्या धडधडीकडेच बघत बसतं.

लॅपटॉप बंद केला आणि सहज विचारलं, चादरीवर तो मोर कसा येतो गं? तर पोरगी जी सुटली! जॅकार्ड (मागावर नक्षी विणायची यंत्रणा) म्हणजे काय, पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं कशी पाडतात, भोक असेल तिथे कुठला धागा वर उचलला जातो, नक्षी बदलायची तर अख्खी कार्डांची माळ बदलावी लागते, हातवारे करत, मधेच तेलुगू शब्द टाकत, चांगली सात-आठ मिनिटं बोलली आणि एकदाही अडकली नाही. मी तिला म्हटलं, हेच तुझं प्रेझेंटेशन आहे बघ, आणि यातलं एक अक्षर तुझ्या स्लाईडवर नाहीये.

मग आम्ही नव्याने मांडणी केली. आधी एका ओळीत लिहायला लावलं, ऐकणाऱ्याने घरी जाताना काय घेऊन जावं. याला तिला दोन दिवस लागले, आणि लागू द्यावेत, पोरं ही पायरी गाळतात आणि थेट स्लाईडचा रंग निवडत बसतात. नंतर सहाच स्लाईड, प्रत्येकीवर एक फोटो किंवा चार-पाच शब्द, कारण लोक एकतर वाचतात नाहीतर ऐकतात, दोन्ही एकदम जमत नाही. पाठ करायची फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, बाकीचे मुद्दे हातातल्या चिठ्ठीवर. चिठ्ठी बघायला लाज वाटायचं काही कारण नाही.

सराव मात्र उभं राहून, मोठ्याने, मोबाईलवर वेळ लावून. मनातल्या मनात म्हटलेलं मी सराव धरतच नाही. आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही ही तिची आणखी एक तक्रार, तर मी म्हटलं मागाच्या खडखडाटात आईला जेवायला हाक मारतेस ना, तोच आवाज काढ. तिने खरंच दोनदा माग चालू असताना तिथे उभं राहून सगळं म्हणून बघितलं.

धडधड जाणार नाही हेही आधीच सांगून टाकलं. नंबर यायच्या आधी श्वास घेताना चार आकडे, सोडताना सहा-सात, असं पाच-सहा वेळा, सोडणं लांबलं की नाडी जरा उतरते. आणि आपल्याला आतून जेवढी भीती जाणवते तेवढी समोरच्याला दिसत नाही, हे मात्र तिला काही केल्या पटेना. म्हणून तिच्याच मोबाईलवर तिचाच व्हिडिओ काढून दाखवला. थरथरणारे हात शोधत बसली, दिसलेच नाहीत.

एक बारकी गोष्ट, फाईलची पीडीएफ पेनड्राईव्हवर ठेवाच आणि जमलं तर आदल्या दिवशी त्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा. फॉन्ट नसेल तर मराठी अक्षरांचे चौकोन होतात, आणि ते बघून भलाभला गडबडतो.

दुसऱ्यांदा ती जॅकार्डचं एक जुनं कार्ड घेऊन गेली. स्लाईड लावायच्या आधी ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाली, "सोलापुरी चादरीवरचा मोर आधी या भोकांमध्ये असतो." मधे एकदा अडकली, चिठ्ठी बघितली, पाणी प्यायली, पुढे बोलायला लागली. नंतर मैत्रिणीला विचारलं तर तिला वाटलं होतं घसा कोरडा पडला असेल. शेवटी सरांनी विचारलं, एका चादरीला किती कार्डं लागतात? पूर्वी इथेच रडू आलं असतं. ती म्हणाली, "नक्षीवर असतं सर, नक्की आकडा वडिलांना विचारून उद्या सांगते." आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या लेक्चरच्या आधी स्टाफरूममध्ये जाऊन सांगून आली.