वाचकांचे प्रश्न : मार्लीचा ठेका

प्रश्न : बॉब मार्लीच्या १९७३च्या ‘कॅच अ फायर’ या अल्बममध्ये रॉकची गिटार कशी? आणि त्याच्या रेगे या जमैकन संगीतशैलीला टाळी धरली की चुकते, ते का?

उत्तर : मूळ ध्वनिमुद्रण जमैकातलं. आयलंड रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेलने रॉकच्या श्रोत्यांना रुचावं म्हणून लंडनमध्ये त्यावर वेन पर्किन्सची गिटार नि ‘रॅबिट’ बंड्रिकचा कीबोर्ड चढवला. २००१च्या आवृत्तीत मूळ रूपही मिळतं. आमच्या मते तेच सरस.

टाळीचं म्हणाल, तर आपला कान पहिल्या मात्रेवर सम शोधतो. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात, जो मार्लीचा ड्रमर कार्लटन बॅरेटने गाजवला, नेमकी तीच रिकामी असते. बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पडतो तिसरीवर. गिटारचा तुटक फटका दुसरी-चौथीवर. तोंडाने चार मोजा, टाळी फक्त तिसरीला द्या. घाई केलीत की ठेका निसटलाच.