गरम झाली की बंद, गार झाली की चालू

प्रश्न: नमस्कार. माझी 2006 ची पेट्रोल गाडी आहे, दीड लाखाच्या आसपास किलोमीटर झालेत. लेकीला सांखळीला दिलीय म्हणून महिन्यातनं एकदा तरी चोर्ला घाटातनं जाणं होतंय. गेले तीन-चार महिने काय होतंय बघा, खानापूरहून जांबोटीपर्यंत गाडी झकास जाते, पुढं कणकुंबीकडं लागलं की एकदम बंद. आचका नाही काय नाही, दिवा विझल्यासारखी. सेल्फ मारला की इंजिन फिरतंय पण स्टार्ट घेत नाही. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू. मेकॅनिकनं पेट्रोलचा पंप बदलला, चारी प्लग, कॉइल बदलली, आता ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेलंय म्हणतोय. विकून टाकू काय?
– निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर: गुरुजी, विकू नका, आणि ईसीएमला तर आत्ता हात लावू देऊ नका. तुमचं वाचताना माझ्या मनात पहिलं नाव आलं ते क्रँक सेन्सरचं. क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, एक दातेरी चाक असतंय, हा सेन्सर त्याच्या शेजारी बसून दात मोजत असतोय आणि पिस्टन कुठं आहे ते ईसीएमला कळवत असतोय. ती खबर बंद झाली की ईसीएम ना प्लगला करंट देत ना इंजेक्टर उघडत, म्हणून गाडी अशी गपकन बंद पडते. बऱ्याच जुन्या गाड्यांत या सेन्सरच्या आत केसासारख्या तारेची कॉइल असते, वर्षानुवर्षं तापून ती कुठंतरी तुटायला येते, मग गरम झाली की तार सुटते आणि गार झाली की परत चिकटते. गॅरेजमध्ये गाडी जाते तेव्हा ती गार असते, सगळं चांगलंच दिसतंय, मग अंदाजानं एकेक पार्ट बदलला जातो आणि तुमचा खिसा रिकामा होतो, याचं मला खरंच वाईट वाटतंय.

म्हणून चेकिंग गाडी बंद पडलेली असतानाच व्हायला पाहिजे. पुढच्या वेळी गाडी कडेला घ्या, किल्ली ऑन करा, मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंद घूं आवाज येतोय का ऐका. मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत काटा थोडा तरी हलतो, तो शून्यावर मेल्यासारखा राहिला तर माझा संशय आणखी पक्का. काटा नसेल तर स्कॅनर (ईसीएममधली माहिती वाचणारं यंत्र) लावून सेल्फ मारताना आरपीएम शून्य दाखवतोय का तेच बघायचं, फक्त 2006 च्या गाडीला बाजारातला साधा स्कॅनर बोलेलच असं नाही. स्कॅनरवर पी-0335 हा बिघाडाचा कोड आला तरी लगेच सेन्सर गेला असं धरू नका, तो कोड क्रँक सेन्सरच्या सगळ्या सर्किटचा आहे, वायर पण त्यातच आली. आपल्याकडं पावसाची झड लागली की कनेक्टरमध्ये हिरवं गंज धरतंय, आणि गाडी गवताच्या गंजीजवळ लावत असाल तर उंदरानं वायर कुरतडली का ते आधी बघा.

सेन्सर दोन वायरींचा असेल तर मेकॅनिकला सांगा, गार असताना मीटरनं त्याचा ओहम (रेझिस्टन्स) मोज आणि हेअर ड्रायरनं तापवून परत मोज, तापल्यावर मीटर एकदम ओपन, म्हणजे तार तुटल्यासारखं, दाखवायला लागला तर विषय संपला. तीन वायरींचा असेल तर ओहम लावू नका, तो बहुतेक हॉल सेन्सर (आत कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) असतोय, तिथं सप्लाय, अर्थ आणि सेल्फ मारताना सिग्नल एवढं तपासायचं. नवीन घालताना ओरिजिनलच घ्या, जागा पुसून घ्या, टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असतोय. ईसीएमच्या मानानं खर्च किरकोळ आहे.

प्रश्न: 2009 ची पेट्रोल गाडी. किल्ली दिली की रेडिएटरचा फॅन फिरायला लागतो, सकाळी काळा धूर, पेट्रोल पण जास्त पितीय. टेंपरेचरचा काटा मात्र नॉर्मल.
– एक वाचक, निपाणी

उत्तर: कूलंट टेंपरेचर सेन्सर, म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान ईसीएमला सांगणारा, तो बघा दादा. त्याची वायर सुटली की ईसीएमला वाटतंय इंजिन बर्फासारखं गार आहे, मग पेट्रोल जास्त देतंय आणि बऱ्याच गाड्यांत सेफ्टीसाठी फॅन चालू ठेवतंय. काटा नॉर्मल म्हणून फसू नका, बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीएमचा वेगळा असतोय. ईसीएमच्या सेन्सरचा ओहम मोजला तर पुष्कळ गाड्यांत 20 डिग्रीला दोन-तीन किलोओहम आणि 80 डिग्रीला तीनशे ओहमच्या आसपास यायला पाहिजे. आधी कनेक्टर काढून साफ करा, परत लावून बघा, आणि सेन्सर खोलायचाच झाला तर इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, गरम पाण्याचा फवारा तोंडावर येतोय.