कुत्र्याच्या पिल्लाला रोज नुसते कच्चे चिकन दिले तर आहार संतुलित होतो का?

नाही, होत नाही. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. पिल्लाला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे अधिक, साधारण १.२ ला १ या प्रमाणात लागते, आणि ते सतत कमी पडले तर शरीर ते हाडांतून ओढून घेते, मग पिल्लू लंगडू लागते, हाडही सहज मोडते. वर ज्वारीची भाकरी कुस्करून घातल्याने पोट भरते, ही उणीव भरत नाही. ती अंड्याच्या टरफलाच्या बारीक पुडीने भरता येते, पण पिल्लाला कॅल्शियम जास्त होणेही घातकच, त्यामुळे प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे. रश्श्यातली शिजलेली हाडे फुटून टोकदार होतात, ती देऊच नयेत. मात्र मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा ४० अंशांपुढे असताना, मांस शिजवून दिलेलेच बरे. कच्च्या मांसात असू शकणारा, पोट बिघडवणारा साल्मोनेला जिवाणू फ्रीजमध्ये मरत नाही, शिजवल्याने मरतो.