आधी वाचणारा शोध

इंदूर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा रामबागेत तू विचारलंस, "काका, लिनक्सच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली, मेमरीची मोजणी दाखवणारी ती जुनी फाइल बंद होणार अशी वॉर्निंग टाकून एक रिलीज झालं, कोणी हूं की चूं केलं नाही. आता फाइल उडवू ना?" सिनियर म्हणतात एका पॅचमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच बदलात, संपव, आणि तुझं मन धजत नाही. मन बरोबर सांगतंय. का, ते उभ्या उभ्या सांगण्याजोगं नव्हतं, म्हणून लिहितो.

मोजणी जायला हवी, याबद्दल माझं दुमत नाही. प्रत्येक अलोकेशनला, म्हणजे दर वेळी मेमरी देताना, काउंटर हलवायचा, तोही सगळ्या सीपीयूंनी एकच कॅशलाइन (कॅशमधला मेमरीचा छोटा तुकडा) आपापल्याकडे ओढत, हा भुर्दंड कशासाठी सोसायचा? पण मोजणी वेगळी आणि ती दाखवणारी फाइल वेगळी. खर्च आहे तो मोजणीचा. फाइल म्हणजे थोड्याशा ओळी, पडून राहिली तर कोणाच्या पोटात दुखत नाही. मोजणी आधी काढ, फाइल सगळ्यात शेवटी. आणि फाइलला हात लावण्याआधी तिचा वाचणारा, म्हणजे ती उघडून वाचणारा प्रोग्राम, शोध.

लिनक्समधल्या केमेम.लिमिट_इन_बाइट्स या फाइलचं प्रकरण बघ. सीग्रुप म्हणजे प्रोसेसचे ग्रुप करून त्यांना मर्यादा घालायची सोय. तिच्या पहिल्या आवृत्तीत, व्ही१ मध्ये, कर्नलच्या मेमरीला वेगळी मर्यादा घालता यायची. कल्पनाच फसलेली होती. मर्यादा भरली तरी ती मेमरी परत घेता येईलच असं नाही, काही अलोकेशनना नकार द्यायची सोयच नाही, आणि ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) बोलवावा तर नाहक प्रोसेस मरणार. मग केमॅलॉककडून (कर्नलचं मेमरी मागायचं फंक्शन) नकार येतो, त्याचा ईनोमेम एरर होतो, पेज फॉल्टच्या वाटेवर (हवं ते पेज मेमरीत जोडलेलं नसतं तेव्हा) त्याचा अर्थ 'मेमरी संपली' असा लागतो, आणि ढीगभर मेमरी मोकळी असताना ओओएम किलर सुटतो. २०१९ मध्ये कर्नलच्या ५.४ आवृत्तीत ती मर्यादा डेप्रिकेट झाली, म्हणजे 'पुढे काढणार' असं जाहीर झालं. ५.१६ पासून लिहायला गेलं की एरर. २०२३ मध्ये फाइलच काढली. चार वर्षं दिली होती गं, एक रिलीज नव्हे! तरी प्रोग्राम कोलमडले. त्यांना मर्यादेशी कर्तव्य नव्हतं, फाइल जागेवर हवी होती. बरं, फाइल परत आणून एरर तसाच ठेवावा, तर दुसऱ्या काही प्रोग्रामना तो एरर झेपेना. शेवटी ६.६ मध्ये फाइल परत आली. आता तिच्यात लिहिलं की कर्नल लॉगमध्ये वॉर्निंग टाकतो, 'झालं' म्हणतो आणि करत काहीच नाही. रीगल टॉकीजमधले सिनेमे बंद झाले, तरी आपण रिक्षावाल्याला 'रीगलला सोड' असंच सांगतो, तसं.

त्याच्याही आधीचं ओओएम_ॲड्ज, ओओएम किलरनं कोणती प्रोसेस आधी मारावी ते सुचवणारी फाइल. २०१० मध्ये त्याच्या जागी ओओएम_स्कोर_ॲड्ज आलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये जुनी फाइल काढली, नोव्हेंबरात परत घालावी लागली. परत आली ती फक्त हिशेब करून देणारी: उणे १७ ते १५ मधली संख्या उणे १००० ते १००० च्या पट्टीत बसवते, बस्स. तुझा मार्ग हाच. आकडा दुसऱ्या कुठून काढता येत असेल तर फाइल वाचली जाईल तेव्हाच तो हिशेब कर. वाचायला वेळ लागला तरी चालेल, अलोकेशनला लागता कामा नये.

आता शोधायचं कसं. ग्रेप मारून, म्हणजे कोडमध्ये नाव शोधून, झालं, असं मला सांगू नकोस. तुकडे जोडून फाइलचं नाव बनवणारा कोड ग्रेपला दिसत नाही. चालत्या मशीनवर बीपीएफट्रेसनं (चालत्या कर्नलवर नजर ठेवणारं साधन) ओपनॅट आणि ओपनॅट२ या फाइल उघडणाऱ्या दोन्ही कॉलचे ट्रेसपॉइंट (नोंद घ्यायच्या जागा) धर. पूर्ण पाथ जुळवत बसू नकोस, नावाचं शेपूट बघ, कारण बरेच प्रोग्राम डिरेक्टरी आधी उघडतात आणि मग नुसतं नाव देतात. सोबत प्रोसेसचं नाव आणि पीआयडी (तिचा क्रमांक) छाप. ट्रेस बूटपासून चालू हवा, कारण काही एजंट (मशीनवर लक्ष ठेवणारे प्रोग्राम) फाइल एकदाच उघडून तोच डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) पुन्हा पुन्हा वाचतात. आणि ठरल्या वेळी आपोआप चालणारे महिनाअखेरचे क्रॉन जॉब होऊन जाईपर्यंत तो बंद करायचा नाही.

तुझी वॉर्निंग पीआर_वॉर्न_वन्स आहे. ती बूटमागे एकदाच छापली जाते. पहिला वाचणारा ती खर्च करतो, दुसरा तिसरा दिसतच नाही. आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, रोज उघडून बघतो कोण? 'तक्रार आली नाही' याचा अर्थ 'वाचणारा नाही' असा होत नाही! तुझं रिलीज अजून बहुतेकांच्या मशीनवर पोचलंही नसेल. मूव्ह_चार्ज_ॲट_इमिग्रेटची (प्रोसेस दुसऱ्या ग्रुपात गेली की तिची मोजलेली मेमरीही तिकडे नेणारी फाइल) वॉर्निंग जुन्या स्टेबल कर्नलांतही घातली होती, जवळजवळ दोन वर्षं राहू दिली, मग ६.१३ मध्ये कोड गेला. तिथंही ० लिहिलेलं चालतं, दुसरं काही लिहिलं तरच ईइनव्हॅल (चुकीची किंमत) हा एरर मिळतो.

वाचणाऱ्याला काय द्यायचं हेही ठरव. मर्यादेच्या फाइलमधून ० कधीच देऊ नये, समोरचा 'मेमरीच नाही' असं समजेल. ४ केबीच्या पेजवर व्ही१ 'अमर्याद'साठी ९२२३३७२०३६८५४७७१७१२ दाखवतो, तोच दे. वापराच्या फाइलमधलं खोटं शून्य त्याहून वाईट, आलेख सपाट होतो आणि कोणाला कळतही नाही. लिहिणाऱ्याचं मात्र वेगळं: त्या मर्यादेवर कोणाची सुरक्षितता टेकलेली असेल तर सरळ एरर दे, नसेल तर वॉर्निंग देऊन लिहिलेलं स्वीकार. केमेममध्ये हे चाललं, कारण कर्नलची मेमरी ग्रुपच्या एकूण मर्यादेत मोजली जातच होती.

मला हट्टी म्हणतात, काकांना काही काढूच द्यायचं नसतं म्हणतात. म्हणोत. काढायचं तर मलाही आहे. पण ती फाइल वाचणारा आपल्या मीटिंगमध्ये बसलेला नसतो. कर्नल अपडेट करून त्याचं चालतं काम मोडलं, तर तो आपलंच काही चुकलं समजून रात्रभर स्वतःचा कोड चाळत बसतो. त्याच्या वतीनं कोणीतरी अडून बसायला हवं, आणि ते मी बसणार. तूही बस. आधी वाचणारा शोध.

तीन पॅच कर. पहिल्यात डॉक्युमेंटेशन/एबीआय/ऑब्सोलीटमधली (जुन्या ठरलेल्या गोष्टींची) नोंद आणि प्रोसेसचं नाव छापणारी वॉर्निंग. दुसऱ्यात वाचताना होणारा हिशेब. तिसऱ्यात हॉट पाथमधली, म्हणजे सतत चालणाऱ्या कोडमधली, मोजणी काढायची, पर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाचे आधीचे नंतरचे आकडे कमिट मेसेजमध्ये घालून. सिनियरना हवा तो फायदा या तिसऱ्यातच सगळा मिळतो. फाइल काढून त्यात एका नॅनोसेकंदाचीही भर पडत नाही, तेव्हा चौथा पॅच आत्ता लिहूच नकोस.

तुझा,
काका