'एसी लोकल हवी का?' एवढंच विचारू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रवासी सर्वेक्षणाचा मसुदा वाचला. 'आणखी एसी लोकल हव्यात का? होय / नाही / सांगता येत नाही.' ४०० प्रवासी, सहा स्टेशनं, दोन दिवस. पायपीट करायची तुझी तयारी दिसते, म्हणूनच स्पष्ट लिहिते. हा प्रश्न असाच गेला तर आकडा मिळेल, पण वाद नेमका कशावर आहे ते त्या आकड्यात कुठेच नसेल.

ऑगस्ट २०२२ आठव. कळवा आणि बदलापूरला प्रवाशांनी आंदोलन केलं, आणि मध्य रेल्वेला नव्याने सुरू केलेल्या १० एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या लोकांना गारवा नको होता असं नाही. साधी लोकल काढून तिच्या जागी एसी सोडली की साध्या पासावर त्या गाडीत चढता येत नाही आणि सगळी गर्दी मागच्या गाडीवर येते, ही तक्रार होती. त्याच वर्षी मे महिन्यात एसीचं एकेरी तिकीट जवळपास निम्म्यावर आलं. पासाला मात्र ती सवलत नव्हती. म्हणजे अधूनमधून जाणाऱ्याची सोय झाली, रोज जाणारा होता तिथेच राहिला. 'मला एसी आवडते' आणि 'माझी ८.१२ ची लोकल काढू नका' ही दोन्ही मतं एकाच माणसाची असू शकतात. तुझ्या फॉर्ममध्ये त्याला एकच चौकोन आहे.

म्हणून अर्धे फॉर्म तुझ्या प्रश्नाचे ठेव आणि उरलेल्या अर्ध्यांवर हे छाप: 'तुमच्या वेळेची साधी लोकल रद्द करून तिच्या जागी एसी लोकल सोडली तर चालेल का?' प्रत्येक स्टेशनवर दोन्ही फॉर्म आलटून पालटून दे. दादरला एक आणि ठाण्याला दुसरा असं केलंस तर फरक प्रश्नामुळे पडला की स्टेशनामुळे, ते कळणार नाही. २००-२०० जणांच्या दोन गटांत साधारण १० टक्क्यांपेक्षा कमी फरक आला तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. त्याहून मोठा आला तर तोच फरक तुझी बातमी.

दोन्ही फॉर्मवर आणखी तीन गोष्टी हव्यात. पास कुठला: सेकंड, फर्स्ट की एसी. एसी पास महिन्याला किती रुपयांना परवडेल. इथे पर्याय देऊ नकोस, माणूस सांगेल तो आकडा लिही. आणि हा विषय त्याच्यासाठी किती महत्त्वाचा. सहज 'होय' म्हणणारा आणि तीन गाड्या सोडून चौथीला लटकणारा, दोघांचं मत एकेकच मोजलं जातं. जोर किती हे वेगळं विचारलं नाहीस तर ते कायमचं हरवतं.

'सांगता येत नाही' गाळायचं नाही. १०० जणांत ४५ होय, ३० नाही, २५ अनिश्चित असतील आणि ते २५ वगळलेस, तर होय थेट ६० टक्के होतं. मथळ्यात 'मुंबईकरांचा स्पष्ट कौल' येतो, प्रत्यक्षात निम्म्यांनीही होय म्हटलेलं नसतं.

आता माणसं कशी निवडायची ते. थांबून बोलायला तयार असलेल्यांनाच विचारलंस तर घाईतले सगळे सुटतात, आणि या विषयात घाईतलेच महत्त्वाचे. पुलावरून उतरणारा दर दहावा प्रवासी गाठ. नकार दिला तर नकार म्हणून नोंद कर. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी दोन ते चार, दोन्ही वेळा जा. तुझ्या यादीत चर्चगेट, दादर, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, ठाणे आहे. कळवा, मुंब्रा, दिवा नाही. जिथे लोकल आधीच भरून येते तिथल्या लोकांना वगळून हा प्रश्न विचारणं मला अन्यायाचं वाटतं. निदान दोन स्टेशनं बदल.

वेबसाइटवरच्या बटणाची मतं यात मिसळू नकोस, ती कितीही हजार असोत. १९३६ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, जवळपास २४ लाख परत आल्या, आणि अंदाज रूझवेल्टविरुद्ध लँडन जिंकणार असा होता. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे सारखे नव्हते.

एका प्रश्नाच्या २०० जणांवर चूक सुमारे ७ टक्के इकडेतिकडे, तीही निवड खरोखर यादृच्छिक, म्हणजे प्रत्येकाला सारखीच संधी देणारी असेल तर. स्टेशननिहाय एका प्रश्नाला ३३ जण उरतात आणि चूक १७ टक्क्यांवर जाते, म्हणून 'ठाणेकर विरुद्ध बोरिवलीकर' असा तक्ता नको. दशांश चिन्हही नको. ४६ विरुद्ध ४३ आलं तर 'मतं विभागलेली' असंच लिही, आणि प्रश्नाचे नेमके शब्द आकड्याच्या शेजारीच छाप.

छापण्याआधी फॉर्म दहा जणांवर करून बघ, त्यातल्या तिघा-चौघांना हिंदीतून विचार. 'रद्द करून' या शब्दांवर कोणी अडलं, परत विचारलं, तर तसंच्या तसं टिपून ठेव. ते कागद आणि सुधारलेला मसुदा मंगळवारच्या बैठकीआधी माझ्याकडे दे.