नाटक विकलं, नाव नाही

बाबू, वडसाच्या नाटक कंपनीनं तुझी संहिता घेतली, चांगलं झालं. पण सही करण्याआधी कागद वाच. हक्क किती वर्षांसाठी दिले ती मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो. मुदत आणि प्रत्येक प्रयोगाचं मानधन लिहून घे.

हक्क विकले तरी दोन गोष्टी तुझ्याकडेच राहतात. लेखक म्हणून तुझं नाव लागणं ही एक. दुसरी, तुझ्या इज्जतीला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर ती थांबवणं, भरपाई मागणं. कॉपीराइट कायदा 1957, कलम 57. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारनं 1979 मध्ये काढलं, त्यात ते मोडलं. शिल्प सरकारचं होतं, तरी 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते शिल्पकाराला परत द्यायला लावलं, वर 5 लाख भरपाई.

आता आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालते, मंडईची म्हणजे जत्रेची गर्दी शिट्ट्या मारते, नट पदरचे संवाद घालतो. त्या प्रत्येकावर भांडू नको गा, कोणी तुझं नाटक लावणार नाही! पण तुझ्या गंभीर नायिकेला अश्लील गाण्यावर नाचवलं, तर बोल. पोस्टरवर नाव नसेल तर पहिल्याच प्रयोगाला मॅनेजरला सांग, आणि लेखी सांग.

वर्षभरात कंपनीनं नाटक उभंच केलं नाही अन् कागदात वेगळं काही लिहिलं नसेल, तर दिलेले हक्क परत तुझे. दुसऱ्या कंपनीला दे.